आंब्याचं वळण

४ जाने., रवि.
पाय दगड झालेत. काल आटगावच्या गोडाऊनात उभ्याची शिफ्ट, आज पहाटे सायकलवर डोळखांब ते किन्हवली. मुरबाडवरून वैजू आली, पुढे दोघी. चढ, जंगल, चिटपाखरू नाय. म्हणून नियम तोच, चार वर्षांचा: पुढे गेलेली आंब्याच्या वळणावर थांबणार. नेहमी मीच थांबते. वैजू धापा टाकत आली, "ताय, तू माणूस हायस का मशीन?" म्हटलं, मशीनला सुट्टी तरी असते.

पुढच्या रविवारी पुण्याच्या ट्रॅकवर निवड. पॉइंट रेस, जागा एकच. मला सत्तावीस पुरी. नॅशनल खेळले तर सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज, नायतर जन्मभर खोक्यांना चिकटपट्ट्या. आई म्हणते, "बस झाला गो आता." मलाही तसंच वाटतं कधीकधी.

११ जाने., रवि.
गेली. जागा गेली.

साठ चकरा. दर दहाव्या चकरेला पहिल्या चौघींना गुण, शेवटच्या वेळी दुप्पट. आणि घोळक्याला अख्खी एक चक्कर मागे टाकली की एकदम वीस. चाळिसाव्या चकरेनंतर मी आणि वैजू पुढे सुटलो. घोळक्याचं शेपूट समोर दिसायला लागलं, दहा सायकली लांब, बस्स. आणि मी मागे बघितलं. वैजू मागे पडलेली. पायातला जोर काढून घेतला मी.

थांबले! ट्रॅकवर! चार वर्षांची सवय, पायांनी परस्पर केलं. वैजू येईस्तोवर घोळक्याला कळलं, पळाला. वीस गुण गेले. शेवटच्या चकरेच्या घंटेला माझ्यात जीव नव्हता, वैजूत होता, माझ्याच आडोशाला वारा चुकवत राखलेला. त्या चकरेत ती पहिली, मी पाचवी. एकूण दोन गुणांनी ती टीममध्ये, मी राखीव.

कोच सर म्हणाले, "कुणाची वाट बघत होतीस? जत्रेत आलीस काय?"

१३, मंगळ.
वैजूचे चार फोन. उचलले नाहीत. तिचा काय दोष? काही नाही. तरी राग तिचाच येतोय. गोडाऊनात ज्याच्यात्याच्यावर खेकसले.

१८, रवि.
राखीवनं सराव सोडायचा नाही म्हणे. गेले. किन्हवलीला वैजू उभी. "ताय, शिव्या घाल, पण बोल तरी." चढाला दात ओठ खाऊन निघाले. वळण आलं. थांबले नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

वरच्या टपरीवर चहा घेतला. दुसरा घेतला. ती येईना. अर्ध्या तासानं उलटी फिरले. वळणाच्या खाली खडीत बसलेली, हात पोटाशी धरून. कुत्रं आडवं आलेलं. फोन फुटलेला. रडत नव्हती. "तू थांबली असशील म्हणून हाका मारल्या गो," एवढंच.

मेले असते तर बरं झालं असतं.

२०, मंगळ.
वैजूचं मनगट टम्म. शहापुरात एक्स-रे काढला, हाडाचा डॉक्टर उद्या बघणार.

दुपारी सरांचा फोन. "हाड मोडलं असेल तर तू जाणार. तयार राहा." मग म्हणाले, "वैजू सांगत होती, तू वळणावर थांबलेली, म्हणून लगेच पोचलीस. शाब्बास." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. फोन ठेवला आणि रडले.

मोडलेलं नसू दे, असं वाटतं. मोडलेलं असू दे, असंही वाटतं. लाज वाटते, पण दोन्ही खरं. वैजूला फोन लावावा, तर तिचा फुटलेला. तिच्या भावाचा नंबर आहे. दोनदा काढला, ठेवला.

आईनं प्रवासाची बॅग झटकून अंगणात उन्हाला टाकलीये. मघापासून तिसऱ्यांदा विचारतेय, "भरू का गो?"

म्हटलं, थांब.