हाटेलातलं सांबार

आई, एक वाटी सांबार घरी करायला खरं काय लागलं ते आधी सांगतो. डाळ, चिंच, शेवग्याच्या शेंगा धरतच नाही, त्या घरात होत्या. त्याखेरीज मिक्सरचं झाकण गेलं, भिंतीवरच्या कॅलेंडरवर चिंचेचा कोळ उडाला, दुकान दोन दुपारी बंद राहिलं आणि तुझी सून एक अख्खी संध्याकाळ माझ्याशी बोलली नाही. शेजाऱ्यांनी कुंपणावरनं "काय जळतंय का ओ?" म्हणून विचारलं, ती अब्रू वेगळीच. एवढ्यात सगळी गल्ली हाटेलात नेऊन आणली असती.

पण गरज होती. आक्का कोरेगावहून माझ्याकडं आलीय, टायफॉईडमधनं उठलेली. ताप गेला, तोंडाची चव काही परत आली नाही. डॉक्टर म्हणतात, औषधं झाली, आता खाल्लं तरच अंग धरेल. आणि आक्का भाकरीचा तुकडा मोडते, त्याच्याकडं बघते आणि ताटाच्या कडेला लावून ठेवते. हात उचलला की बांगड्या कोपरापर्यंत घरंगळतात. मटण करून झालं, पिठलं करून झालं, खीर झाली. सगळ्याला एकच उत्तर, "माती लागतीय." आणि एका सकाळी आपण होऊन म्हणाली, "हाटेलातलं सांबार खावंसं वाटतंय रं. ते आपलं, बाबांच्या पगाराच्या दिवसाचं."

मला काय, आभाळच मोकळं झालं. माधवनगरच्या मिलचा पगार झाला की बाबा मला सायकलच्या नळीवर बसवून सांगलीला त्या हाटेलात न्यायचे. हाटेल अजून आहे. टेबलं बदलली, मालकाचा नातू गल्ल्यावर बसतो, पण भटारखाना तिथंच. आणि पदार्थ उचलण्यात आपलं घराणं कुणाला हार जाणार आहे? मी तर दुकानात गिऱ्हाइकाला नेहमी सांगतो, आमची आई एकदा चाखायची आणि दुसऱ्या दिवशी हाटेलवाल्यानं हात टेकावेत असं करायची. तुझी जीभ होती, माझे कान आहेत. विहिरीवरची मोटार नुसती ऐकून कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतो, त्यावरच दुकान उभं राहिलं, बंगला झाला. सांबार काय चीज आहे!

भटारखान्याच्या दाराशी टेबल धरलं. इडलीवर इडली मागवली आणि कान आत लावले. मोहरी तडतडली, मग मेथी, ती लवकर गप्प होते. हिंग टाकला की तेल एकदम दबकतं. मग आचारी पोऱ्याव‍र ओरडला, "बेल्ला हाकु!" मिलच्या चाळीतले आपले शेजारी कानडी होते म्हणून बरं. बेल्ला म्हणजे गूळ. मी उठलो तो जग जिंकूनच. वेटर म्हणाला, "काका, एवढ्या इडल्या, तब्येत बरी हाय न्हवं?"

घरी येऊन केलं, आणि आई, खोटं सांगत नाही, हुबेहूब झालं. रंग तोच, वास तोच. मी हिला म्हणालो, "त्या आचाऱ्याचे डोळे बांधून दोन वाट्या पुढं ठेव, माझीच वाटी आपली म्हणून सांगंल." ही म्हणाली, "आवं, आधी भिंत पुसा."

आक्कानं एक चमचा घेतला. तोंड जिलबी बुडवलेला चहा प्यायल्यासारखं केलं. "ग्वाड हाय रं. हे ते न्हवं."

मग मी इरेला पेटलो. डबा घेऊन गेलो आणि खुद्द हाटेलातलंच आणलं. तिनं तेही चाखलं. "हे बी न्हवं. कुठल्या हाटेलातनं आणलंस? फसवलं तुला कुणीतरी." मी चपला पायात सरकवून अंगणात जाऊन उभा राहिलो. आजारी माणसावर ओरडता येत नाही, तेव्हा जास्वंदीवर ओरडलो.

आत आलो तर वेगळाच वास. हिनं माझ्या सांबारात कांदा-लसणाची चटणी, तुझ्याच मापानं दर उन्हाळ्यात कुटून आणते ती, चांगला शिगोशीग चमचा घातली होती. वर दाण्याचा कूट. सांबाराची सांगली जिल्ह्यातली आमटी झालेली. आणि आक्का त्यात भाकरी कुस्करून ओरपतेय, नाकाला घाम, डोळ्याला पाणी. "आगं बया, आता बरुबर! हाटेलातलं!"

"आक्के, हाटेलात असलं नसतंय. मी खाल्लंय."

"तू खाल्लंयस. मी कवा गेले रं हाटेलात? बाबा म्हणायचं, बायकामानसांनी तितं बसायचं नसतंय. आन आई तरी कवा गेली?" तिनं बोटं चाटली. "तू यायचास, चुलीम्होरं बसायचास. आई इचारायची, आंबट हाय का? तू म्हणायचास, लय आंबट. तिखट हाय का? लय तिखट. लाल? लय लाल! आन आई, ती बिचारी घालतीय चटणी. दुसरी वाटी दे गं."

दुसरी वाटी मीच वाढली. तुझी सून तोंडाला पदर लावून हसत होती, तिला हसू दिलं.

आक्का आता दोन वेळा जेवते, बांगड्या मनगटावर थांबायला लागल्यात. परवा मी तिला हाटेलात नेलं. पंख्याखाली ताठ बसली, सगळीकडं बघितलं, बाबांनी जागा चांगली निवडली होती म्हणाली. सांबार आलं. एक चमचा घेतला, कनवटीची पिशवी सोडली, आतनं चटणीची डबी काढली आणि दोघांच्या वाटीत घालून ढवळलं. वेटर बघतच राहिला. "बाळा," आक्का त्याला म्हणाली, "तुमच्या आचाऱ्याला सांग, आमच्या आईचं सांबार असं हुतं. शिकून घ्या म्हणावं."

हे लिहून दुकानाच्या खणात टाकतोय, तुला कुठं पाठवणार? एक तेवढं सांगून टाकतो. काल एका गिऱ्हाइकाची मोटार तपासताना मी परत तेच ऐकवलं, आमची आई एकदा चाखायची आणि पदार्थ उचलायची. तो मान डोलवत गेला. आई, तू ते सांबार कधी चाखलंच नव्हतंस.