समोरच्या खोलीतला ओकेलो

ठाकुर्ली, १२ फेब्रुवारी २०२४

ती. सुमतीआत्यास,
मृणालचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि हे मोठ्याने बोलायची मला भीती वाटते, म्हणून पत्र सिद्धेशबरोबर पाठवतेय. त्याची बँक तुझ्याच गल्लीत आहे म्हणून बरं.

आमच्या समोरच्या खोलीतला ओकेलो आठवतो ना? युगांडाचा, फार्मसी शिकणारा. संक्रांतीला तुझ्या गुळपोळ्या खाऊन चौथी मागितलेली, तोच. शनिवारी दुपारी साध्या कपड्यांतल्या दोन पोलिसांनी त्याला जिन्यावर पट्ट्याने मारलं. खालच्या चाळीतली एक मुलगी हरवलेली, आणि कुणीतरी त्याचं नाव घेतलं. तो सकाळपासून आमच्या रेवाला गणित शिकवत होता, असं मी ओरडून सांगितलं. त्यांनी मला आत जायला सांगितलं आणि त्याला ओढत नेलं. मुलगी संध्याकाळी मामाकडे सापडली. तो परत आला नाही.

रविवारी जिना फिनेलने धुतलेला होता. त्याच्या दारावरची नावाची पट्टी नव्हती. चेअरमन आनंदाकाका शांतपणे म्हणाले की ती खोली दिवाळीपासून रिकामी आहे. पोलीस म्हणाले, असा कुणी आणलाच नाही. शेजारच्या शालूवहिनींचा सिलिंडर तो वर चढवून द्यायचा, त्यासुद्धा हसून म्हणाल्या की तुझा काहीतरी गोंधळ होतोय गं. सगळे इतकं गोड बोलतात की माझंच डोकं फिरलंय असं वाटतं. पण आत्या, कुलूप लावलेल्या त्या खोलीत त्याचा पंखा अजून फिरतोय. दाराला कान लावला की ऐकू येतो.

तुझी,
मृणाल

नौपाडा, १३ फेब्रुवारी

चि. सौ. मृणालस अनेक आशीर्वाद.

तुझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्या डब्यातल्या पोळ्या हवेने खाल्ल्या नाहीत.

कार्मेल ही माझी जुनी विद्यार्थिनी आता वकील आहे. तिला बोलावून घेतलं. ओकेलोला हजर करा म्हणून ती लगेच कोर्टात अर्ज करते आहे, पण डोळ्यांनी पाहणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं, असं तिचं म्हणणं. सिद्धेश उंबऱ्यातच उभा होता. मृणालला हे कळवू नका, आमची रेवा लहान आहे, असं म्हणाला. त्याची भीती खोटी नाही. तरीही तुझ्यापासून लपवणं मला जमणार नाही. सही करायची की नाही, ते तू ठरव. काहीही ठरवलंस तरी या घरात तुझं पान वाढलेलंच असेल.

तुझी,
सुमतीआत्या

ठाकुर्ली, १६ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

सही केली. त्याच संध्याकाळी पंखा थांबला. कुलूप मात्र जसंच्या तसं.

काल एक गृहस्थ आले. पाणी प्यायले, रेवाच्या शाळेचं नाव विचारलं आणि मी बोलायच्या आत स्वतःच सांगितलं. तिची रिक्षा कुठली तेही. सिद्धेश पांढराफटक पडला. ते गेल्यावर म्हणाला की आजपासून रेवाला शाळेत मी सोडणार. तू मात्र सही मागे घेऊ नकोस.

तुझी,
मृणाल

ठाकुर्ली, ५ मार्च

ती. आत्यास सा. न.

ओकेलो जिवंत आहे! कोर्टाने विचारताच पोलिसांनी त्याला हजर केलं, आदल्या दिवशी स्टेशनवर पकडला म्हणून. डॉक्टरांनी तपासलं, तर जखमा अर्ध्या भरत आलेल्या. त्याला सोडलं आणि त्या पोलिसांची चौकशी लावली. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही.

तो खोलीवर परतला. कुणी त्याच्याकडे बघत नाही. आणि आता आमच्याकडेही नाही. सोसायटीच्या सत्यनारायणाचं बोलावणं सगळ्या दारांना झालं, आमचं सोडून. रेवा जिन्यात गुड मॉर्निंग म्हणाली, तर शालूवहिनींनी तिच्या डोक्यावरून पलीकडे पाहिलं, जणू तिथे कुणी नव्हतंच. आपल्यामुळे हे झालं म्हणून ओकेलोने रेवाची माफी मागितली. मला ते बघवेना.

काल चौकशीत ते दोघे पोलीस समोर बसलेले. जिन्यात अंधार असतो, चेहरे नक्की दिसले का, असं चौकशी करणाऱ्या साहेबांनी पुनःपुन्हा विचारलं. मग बोट दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्यातला एक माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. दोघांनाही निलंबित केलंय. खटला उभा राहील, असं कार्मेल म्हणते.

ते हसू डोळ्यांसमोरून जात नाही, आत्या. भाजी घेताना, शाळेच्या फाटकाशी, कुणीही हसलं की मी मान खाली घालून पुढे निघते. पण कोर्टात पुन्हा विचारलं, तर पुन्हा त्याच्याचकडे बोट दाखवीन.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मृणाल