काळी नखं

दवनीवाडा. रविवार, मे अखेर, संध्याकाळ

जिंकले मी आज! टोलीवरचा, गावाबाहेरच्या वस्तीतला हातपंप आठ दिवसांपासून बंद होता, बाया शेतातल्या विहिरीवरून पाणी आणून राहिल्या होत्या. दोन मिस्त्र्यांनी हात टेकले होते. मी एकेक पाईप वर ओढून काढला, तर सगळ्यात खालचा वायसर फाटलेला. नवा बसवला, हापसत राहिले, आणि आलं की पाणी, धो धो!

पण चर्चमधल्या प्रार्थनेला उशीर झाला. साबण लावायलाही वेळ नव्हता, ग्रीसनं काळी झालेली नखं घेऊन तशीच गेले. दारातच पाळकबाई म्हणाल्या, "रविवारी तरी पाना ठेवून द्यावा ना. प्रभूची सेवा वेगळी, पोटाचं काम वेगळं." त्यांचं हे नेहमीचंच. म्हणून तर गाताना सगळे हात वर करतात, तेव्हा मी माझे पदरात लपवते. कितीही घासा, नखं काही पांढरी होत नाहीत.

मागून टोलीवरच्या सुमनआजी ठणकावून बोलल्या, "ह्याच हातानं आज आमाले पाणी पाजलं, जी. मंग सेवा कायले म्हणता तुमी?"

पाळकबाई आत जाऊन बसल्या. सरकून मला शेजारी जागा दिली त्यांनी.

मी काऊन लपवत होते इतकी वर्षं? प्रभू स्वतः सुतार. त्याच्या तळहातांवर रंध्याचे घट्टे नसतील का?

गाणं सुरू झालं. मी दोन्ही हात वर केले, पार डोक्याच्या वर. काळी तर काळी नखं. सगळ्यांनी आज पाहिली. प्रभूनं तर दुपारीच पाहिली होती, पंपापाशी.