चंद्रीची हिरवी साडी

कोची, गुरुवार

सुयोगच्या पप्पांना अलकाचा नमस्कार.

मी बरी आहे, काळजी करू नका. मंडळाच्या बायकांसोबत काल अथिरापल्लीचा धबधबा पाहिला. एवढं पांढरं पाणी पडताना बघून सगळ्या फोटो काढत बसल्या, मला मात्र आपल्या गोठ्यातली धार आठवली. आज खाडीत होडीतून फिरलो. जेवणात सगळीकडे खोबरं आहे, पण आता सवय झाली.

आईंचा गुडघा कसा आहे? सुयोग वेळेवर जेवतो का?

पुढचं फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर लावता आणि धाकटी जाऊ निकिता शेजारीच उभी असते.

चंद्री माझ्याशिवाय कुणालाच धार काढू देत नाही, म्हणून मी निघायलाच तयार नव्हते. तुम्हीच म्हणालात, जा, आम्ही बघू. आता कळवता, निकिताने माझी गोठ्यातली हिरवी साडी नेसली आणि त्या वासाने गाईने लगेच पान्हा सोडला. चांगलं झालं. मुकं जनावर आहे, फसणारच.

पण सुयोगने फोटो पाठवलाय. त्यात धाकट्या जाऊबाई तीच साडी नेसून तुमचा चहा गाळतायत. चहा गाळायला ती साडी कशाला लागते? आणि तुम्ही इतके हसताय कशाला?

निकितासाठी इथली पांढरी, सोनेरी काठाची साडी पार्सलमध्ये ठेवली आहे. माझी हिरवी खुंटीला लावा, आणि उद्यापासून ही नेसून धार काढायला सांगा. चंद्रीने पान्हा चोरला तरी चालेल.

तुमची,
अलका