नावावर पेपरवेट

२ जानेवारी
नवी डायरी. ऑफिसच्या स्टॉकमधून घेतली, पण रजिस्टरवर सही करून. सही केली की ती चोरी राहत नाही.
संकल्प: रोज पहाटे फिरायला जाणे. चिडायचं नाही. निवृत्तीचा विषय कोणी काढला तर हसून दुसरीकडे वळवायचा.
तीस जूनला माझं वय पूर्ण होतं. म्हणजे कागदोपत्री. सरकारची निवृत्तिवेतन शाखा म्हणजे मी, हे मोठे साहेब पुरेपूर जाणून आहेत. मुदतवाढ मिळणारच. तूर्त एक वर्षाची घेईन, पुढचं पुढे.

३ जानेवारी
फिरायला गेलो नाही. नवा बूट चावतो.

८ जानेवारी
हिने जेवताना विचारलं, पेन्शनचे कागद दिले का. निवृत्त होणाऱ्याने स्वतःचे कागद सहा महिने आधी भरून द्यावेत असं परिपत्रक आहे. ते काढलंय मीच. उशीर करणाऱ्यांना मी चांगलं फैलावर घेत आलो आहे. तिला समजावून सांगितलं की तो नियम जे निवृत्त होतात त्यांच्यासाठी आहे. मी आत्ता कागद देणं म्हणजे साहेबांच्या तोंडावर राजीनामा फेकणं.
ती बरं म्हणाली. मग म्हणाली की जुलैपासून दिवसभर कुठल्या खुर्चीत बसणार ते सांगून ठेवा, खिडकीजवळची शिवणाची आहे. ही स्वतः शाळेतून निवृत्त झाली त्या दिवसापासून तिला मान वर करायला फुरसत नाही. मी नुसतं हसलो. संकल्प पाळला. पण प्रश्न मुळीच आवडला नाही.

२० जानेवारी
शाखेत नवीन कारकून आले आहेत. त्यांना माझी पद्धत शिकवली. फाईल उघडायची, विषय वाचायचा आणि जिथे माणसाचं नाव असतं तिथे पेपरवेट ठेवायचं. माझं पितळी आहे, चांगलं जड. नाव दिसलं की चेहरा दिसतो, चेहरा दिसला की पेन मऊ होतं. मागची पानं चाळायची गरज नाही. विषयावरून सगळं कळतं.
माझ्या हाताखालच्या बाई हे पाळत नाहीत. त्या नाव वाचतात, मागची पानंही वाचतात आणि एखाद्या विधवेला फोन लावून अमुक दाखला राहिलाय म्हणून सांगत बसतात. याला सरकारी काम म्हणतात का? त्यांच्या टेबलावरून फाईल परत जातच नाही, सरळ मंजूर होते. माझ्या टेबलावरून पहिल्या फेरीत एकही सुटत नाही. फरक आहे तो हा.

१२ फेब्रुवारी
जिन्यात मोठे साहेब भेटले. म्हणाले, तुमचा विषय मार्गी लावलाय, फाईल तुमच्या टेबलावरही येईल, जरा बघून घ्या.
झालं. आदेश थेट माझ्या टेबलावर येणार. बहुधा सीलबंद पाकिटातून, साहेबांचा माणूस हातोहात आणून देईल. इस्त्रीचा शर्ट रोज घालायचा ठरवलं.

१९ फेब्रुवारी, दुपार
सकाळी चौदा फाईली परत पाठवल्या. हात दुखतोय, पण समाधान आहे.
त्यात एक फाईल कमालीची संतापजनक. विषय: ‘अधिकाऱ्यास वयोमर्यादेनंतर मुदतवाढ देण्याबाबत.’ असल्या प्रत्येक प्रस्तावावर माझा अभिप्राय घ्यावा आणि तो अंतिम मानावा, हा नियम मी भांडून करून घेतला होता, तो अशांसाठीच. कोणीतरी चिकट माणूस दिसतो. खुर्ची सोडवत नाही. लाज कशी वाटत नाही? नावावर पेपरवेट ठेवलं आणि लिहिलं: ‘कोणाही अधिकाऱ्यावाचून शासनाचे काम अडत नाही. संबंधिताने वेळीच घरी बसावे व नव्यांना वाट द्यावी. प्रस्तावाची आवश्यकता दिसून येत नाही. शिफारस नाही.’ खाली झोकदार सही.
बाई मध्येच येऊन म्हणाल्या की एकदा नाव तरी बघा. मी म्हटलं, नाव घेऊन येतो त्याला वशिला म्हणतात. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, मी पुन्हा मिटायला लावलं. फाईल तिथल्या तिथे लाखेने सील करून वर पाठवली.
माझी फाईल अजून आली नाही. येईल.

४ मार्च
मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मी आत जाताच ते उभे राहिले. आजवर माझ्यासाठी कोणी उभं राहिलेलं नाही. म्हणाले, मुदतवाढीवरचा तुमचा शेरा वाचला, फार कडक आहे, बदलायचा असेल तर अजून वेळ आहे.
मी लगेच ओळखलं. त्या चिकट माणसाने साहेबांपर्यंत हात पोचवलेले दिसतात. मी म्हटलं, साहेब, एक शब्द बदलणार नाही. त्या गृहस्थाला घरी जाऊन कुंड्यांना पाणी घालू दे.
साहेब टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले. मग हात हातात घेतला. म्हणाले, अशी माणसं आता होत नाहीत. बाहेर बाई उभ्या होत्या, साहेबांनी त्यांनाही आत बोलावून सगळं सांगितलं. बाईंचे डोळे भरून आले.
ही साहेबांनी घेतलेली परीक्षा होती. पास झालो. मुदतवाढ दोन वर्षांची मागायला हरकत नाही.

१६ एप्रिल
शाखेत वारं बदललंय. कारकून मी दिसलो की बोलणं थांबवतात आणि उठून उभे राहतात. बाई आपणहून चहा मागवतात. आतली खबर फुटली असणार.
खुर्चीसाठी नवी गादी मागवली. जुनी बसून बसून पापड झाली आहे. पुढच्या थंडीतल्या रजेचा अर्जही टाकून ठेवला.

२ मे
बाईंनी अदबीने विचारलं की चार्ज कधीपासून समजून घेऊ. मी म्हटलं, घाई काय आहे? त्या म्हणाल्या, तुम्हाला त्रास होत असेल तर राहू दे, तुमच्या मनाचा मोठेपणा आम्ही बघितलाय. कसला मोठेपणा ते विचारलं नाही. मोठेपणा विचारून घेत नाहीत.
फिरायला जाणं उद्यापासून नक्की.

२४ मे
आदेश नाही. गोपनीय विषय असला की वेळ लागतो. हिने पुन्हा पेन्शनच्या कागदांचं काढलं. मी संकल्प मोडला आणि ओरडलो. मग स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो. ती मशीनवर काहीतरी शिवत होती, तिने मान वर केली नाही.

११ जून
नवी गादी आली. बाईंच्या नावावर आली, स्टोअरवाल्यांची चूक. मी ठेवून घेतली.

२७ जून, सकाळ
अजून आदेश नाही. साहेबांच्या केबिनपर्यंत जाऊन परत आलो. आपण होऊन विचारणं म्हणजे हलकं पडणं. मोठ्या गोष्टी निरोपसमारंभात जाहीर करायची पद्धत असावी. तसंच असेल. चार्ज देणार नाही म्हणजे नाही. कपाटाच्या किल्ल्या खिशात आहेत.

३० जून
समारंभ झाला. ही पण आली होती, पहिल्या रांगेत बाईंशेजारी बसली, दोघींची काहीतरी कुजबूज चालली होती.
साहेब बोलायला उठले तेव्हा मी टाय सरळ केला. म्हणाले, खुर्चीला चिकटणारे पुष्कळ पाहिले, पण समोर चालून आलेली संधी स्वतःच्या पेनाने परत पाठवणारा हा एकच. टाळ्या काही केल्या थांबेनात. संधी कुठली ते कळलं नाही. बहुतेक तरुणपणी परदेशी ट्रेनिंगला गेलो नव्हतो, ते. मी आदेशाची वाट बघत उभाच होतो. साहेबांनी पाकीट दिलं. उघडलं तर आत सगळ्यांच्या सह्यांचं शुभेच्छापत्र.
किल्ल्या बाईंनी मागितल्या नाहीत. मीच टेबलावर ठेवल्या. पितळी पेपरवेट उचललं होतं, पण ते सरकारी आहे, परत ठेवलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, इथे लिहायला हरकत नाही.
टॅक्सीत हिने माझा हात धरला. म्हणाली, तुम्ही असं कराल असं मला जन्मात वाटलं नव्हतं, मला आधी का नाही सांगितलंत. ती सेवेबद्दल बोलत असावी. मी बाहेर बघत होतो.

१ जुलै
सकाळी उठलो तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी. शिवणाचं मशीन आतल्या खोलीत गेलं होतं. खुर्चीवर नवी उशी, निळी, कडेला शिवलेली झालर. मे महिन्यात शिवत होती ती हीच. मी तिकडे बसलो नाही. मी अजून निवृत्ती मान्य केलेली नाही.

५ जुलै
कुठेतरी पाणी मुरतंय. माझा प्रस्ताव कोणीतरी वाटेत अडवला आहे. हात बांधून बसणारा मी नव्हे. अपील लिहायला घेतलं. पानभर झालं. ‘ज्या कोणी माझ्या मुदतवाढीविरुद्ध अभिप्राय दिला असेल, तो इसम कामाला नालायक, माणुसकीशून्य असून फाईल न वाचता शेरे मारणारा आहे. त्याची खातेनिहाय चौकशी व्हावी.’ भाषा जमली आहे. अशी धार बऱ्याच दिवसांत आली नव्हती.

७ जुलै
अपील घेऊन गेलो. गेटवर पास काढावा लागला. माझ्या टेबलावर बाई होत्या, उठून खुर्ची दिली, गादी ओळखीची. मी म्हटलं, ज्याने मला अडवलं त्याचा शेरा मला दाखवा. बाई हसल्या. म्हणाल्या, आम्ही तो नव्या मुलांना शिकवताना रोज दाखवतो. फाईल काढून समोर ठेवली.
विषय ओळखीचा. अक्षर सुंदर. सही झोकदार. नावाच्या जागी पितळी वजनाचा गोल वळ उमटलेला, आणि त्याच्या मधोमध माझं नाव. प्रस्ताव मोठ्या साहेबांचा. मागच्या पानांवर माझी स्तुती होती, पुष्कळ. ती मी पहिल्यांदाच वाचली.
बाई म्हणाल्या, आम्हाला सगळ्यांना वाटलं होतं तुम्ही थोडे दिवस तरी घ्याल. मी म्हटलं, तत्त्व म्हणजे तत्त्व. अपील खिशातून काढलंच नाही.

७ जुलै, संध्याकाळ
हिने विचारलं, काय म्हणाले ऑफिसात. मग विचारलं की तो शेरा खरंच स्वतःहून लिहिलात ना, घरी यायचं म्हणून. तिच्या हातात उशीची उसवलेली झालर होती, सुई दोऱ्यासकट थांबली होती.
मी हो म्हटलं. शेवटी लिहिला मीच. त्यात खोटं काही नाही. शिवाय मुद्देसूद होता, आजही मी त्यातला शब्द बदलणार नाही.
मग खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. बाहेर तसं काही नाही, एक भिंत आणि शेजाऱ्याची सायकल.

८ जुलै
फिरायला गेलो नाही.
पेन्शनचे कागद भरायला घेतले. सहा महिन्यांहून जास्त उशीर. मी असतो तर परत पाठवले असते आणि ते बरोबरच ठरलं असतं. पहिला रकाना नावाचा. लिहिलं, जरा ठळकच.
उद्या देऊन येतो. बाईंनी नाव वाचलं तर वाचू दे. एवढी एकच वेळ. पद्धत म्हणून मला ते अजूनही मान्य नाही.