मिठाचं पाणी

१२ मार्च २००७, अमरावती

आज जेलात तानुबाई म्हणाली, "साहेब, तीन दिस झाले, डोकं दुखून राहिलं. थोडं औषध द्या म्हनून सांगा ना त्या पहाऱ्यावरच्या बाईले." अन् मी तिथंच गार! औषध! इकडं फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, अन् याच एका शब्दावर मी या बाईला जन्मठेप लावली. सरकारी वकील होतो तेव्हा; आता नोकरी सोडून कैद्यांची कामं पाहतो. नवऱ्याला विष पाजून मारलं, हा आरोप. अन् पुरावा काय, तर दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरनं उतरवलेलं तिचं एक वाक्य — "मीनंच त्याईले औषध पाजलं."

शेवटी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदा! कोणतं औषध, तानुबाई?

"मिठाचं पानी, साहेब. फवारनीचं तं त्याईनं सोताच घेतलं होतं. उलटी व्हावी म्हनून मी पाजत होती. मंग थे औषधच झालं ना?"

कोर्टात काहून नाही सांगितलं?

"जजसाहेब म्हने, औषध पाजलं का? मी म्हनलं, हो. कोनतं, हे कोनं इचारलं?"

निघताना म्हणाली, "नीलम आता चौथीत असंल न?" मला तिच्या पोरीची इयत्ता माहीत नव्हती. हो म्हणालो.

१३ मार्च

माझंच भाषण कानात वाजतं आहे — "महाराज, आमच्या वऱ्हाडात औषध म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागतं? रोज गावागावांत लोक औषध घेऊन मरून राहिले!" काय आवाज लावला होता! पुण्याचा वकील असता तर अडखळला तरी असता. मी इथलाच, म्हणून इतका बिनधास्त.

१९ मार्च

खुशालरावाला अकोल्यात गाठलं. माझ्या जागेवर आता तोच सरकारी वकील. म्हटलं, नागपूरला तानुबाईचं अपील लागलं आहे, त्यात मी प्रतिज्ञापत्र देतो — शब्दाचा अर्थ लावताना मी चुकलो.

"अबे, येडा झाला काय! नोकरी सोडली, कैद्यांचा कैवारी झाला, सभा घेतल्या — तेवढ्यानं नाही भागलं? आता सोताच्या पायावर धोंडा पाड!" मग चहा मागवला अन् हळूच म्हणाला, "नुसत्या तुझ्या चुकीनं ती सुटत नाही. मिठाचं पाणी पाह्यलं कोनी?"

पाहिलं असेल तर एकीनंच. सासू, दुर्गाबाई. अन् ती तर माझीच साक्षीदार होती! भांडण होत होतं, गिलास सुनेच्या हातात होता — एवढं बोलून उतरली होती.

२ एप्रिल

प्रतिज्ञापत्र लिहून झालं. "बोलीभाषेतील शब्दाचा माझ्याकडून अनवधानाने चुकीचा अर्थ लावला गेला." दोनदा वाचलं. वाचताना मी भला माणूस वाटतो.

काल मोझरीला सभेत हेच सांगितलं — जबानी बोलणाऱ्याच्याच बोलीत लिहा, शब्दाचा अर्थ त्यालाच विचारा! टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

९ एप्रिल

दुर्गाबाई गावात नाही. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, नातीला घेऊन लेकीकडं गेली, अचलपूरले. अचलपुरात कुठं? "बापा, थे काय मले ठावूक!"

१६ तारखेला सुनावणी.

११ एप्रिल

पाच दिवस उरले. आज जेलात गेलोच नाही. काय तोंड दाखवू तिला? देवा, एक म्हातारी सापडू दे! बाकी काही मागत नाही.

१३ एप्रिल, अचलपूर

सापडली! अंगणात चिंचा फोडत बसली होती. मला पाहून पदर सावरला. मी सरळ हात जोडले. मावशी, तानुबाईनं मिठाचं पाणी पाजलेलं तुम्ही पाहिलं होतं का?

"पाह्यलं ना. मीठ मीनंच तं देल्लं डब्यातून."

मला रडूच फुटलं. सुटली बाई! मग एकदम संताप आला. ओरडलोच तिच्यावर — मग तेव्हा तोंड काहून नाही उघडलं? सून दोन वर्षं आत सडून राहिली!

म्हातारी म्हणाली, "सांगतलं तं होतं! तुमालेच. कोर्टाच्या पायरीवर, आत जायच्या आधी. तुमी म्हनले, मावशी, मिठाचं काढू नको, मी इचारीन तेवढंच बोल. मले वाटलं, सरकारचा मानूस हाय, त्याले ठावूक असंल काय बोला लागते."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होते आहे. ती चिंचा फोडत राहिली.

१५ एप्रिल

आठवलं. पायरीवर ती खाली बसली होती, मी घाईत होतो, अन् मी तेच म्हणालो होतो.

जुनं प्रतिज्ञापत्र फाडलं. नव्याचं पहिलं वाक्य लिहिलं — मला माहीत होतं.