पिवळा दिवा, काळजीचं कारण नाही

३ जून, सोमवार
ऑफिसला जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. आकार नळाच्या तोटीसारखा. मॅन्युअल काढलं. अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होतं, दातांनी फाडावी लागली. नळ नव्हे, इंजिन आहे ते. ‘चेक इंजिन. अधिकृत डीलरशी संपर्क साधा.’
घाबरायचं कारण नाही. पिवळा आहे, लाल नाही.
सोळा तारखेला लेकीला नोकरीच्या गावी सोडायचंय. पहिली नोकरी, पहिल्यांदाच घराबाहेर. मी स्वतः गाडीने सोडणार, असं सगळ्यांना सांगून झालंय. सगळ्यांना म्हणजे साडूलासुद्धा.
संकल्प: दोन दिवसांत दिवा बंद. घरी बोलायचं नाही.

४ जून
दिव्यावर नजर ठेवून गाडी चालवली. त्यामुळे सिग्नल दिसला नाही. ट्रॅफिक पोलीस फार बोलला.
गाडी बंद करून परत चालू केली. दिवा गेला! उगाच लोक मेकॅनिकच्या नादी लागतात.

४ जून, संध्याकाळ
आला परत.

५ जून
डीलरकडे गेलो. काचेची इमारत, गार हवा, कॉफी. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर टाय लावलेला. मला पाहताच उठून उभा राहिला. ऑफिसात माझ्यासाठी कोणी खुर्चीतून वळतसुद्धा नाही.
तीन प्रश्न विचारायचे ठरवून गेलो होतो. काय बिघडलंय, कशावरून, आणि जुना पार्ट दाखवणार का. त्याने लॅपटॉप जोडला, भुवया वर केल्या आणि म्हणाला, सर, ऑक्सिजन सेन्सर. मीही भुवया वर केल्या. मग तो म्हणाला, गाडी जपणारा माणूस लगेच ओळखू येतो.
मी म्हणालो, करून टाका.
प्रश्न पुढच्या वेळी.

७ जून
गाडी मिळाली. दिवा बंद. शिवाय धुऊन दिली. बायकोला शेवटी सगळं सांगितलं, प्रसंग कसा शांतपणे हाताळला तेही. ती म्हणाली, अहो, जुना पार्ट मागितलात का? मी म्हणालो, तो माणूस तसला नाही. तिने टीव्हीचा आवाज वाढवला. पटलं असावं.

८ जून
दिवा लागला.
बायकोला बाजारात न्यायचं होतं. डावा हात स्टिअरिंगवर अशा बेताने ठेवला की तिला दिवा दिसू नये. वळताना अडचण होते. आज एकंदर सरळ रस्त्यांनीच गेलो. बाजार मागे राहिला. हात असा काय धरलाय, असं तिने विचारलं. ग्रिप, म्हणालो.

१० जून
टायवाल्याकडे. आज कडक बोलायचं ठरवलं होतं. कॉफी झाल्यावर बोलणार होतो. तोच म्हणाला, सर, पहिला प्रॉब्लेम सुटला म्हणून तर दुसरा दिसायला लागला.
केवढा मोठा विचार! आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. गाडी ठेवून घेतली. घरी बायकोला हाच विचार माझा म्हणून ऐकवला. ती म्हणाली, तुमच्या बाबतीत खरंच आहे.

१२ जून
ऑफिसला बसने. उभ्याने.
फोन केला. ‘पार्ट येतोय सर, होल्ड करा.’ होल्डवरची ट्यून पाठ झाली. मीटिंगमध्ये गुणगुणलो, साहेबांनी वर पाहिलं.
साडूचा फोन. बायकोने सांगितलं असणार. म्हणाला, माझी गाडी घेऊन जा, मोठी आहे, सामान मावेल. आभार मानले आणि म्हणालो, आमची वेळेवर होतेय. त्याच्या गाडीतून माझी मुलगी? शक्यच नाही.

१३ जून
पार्ट येतोय.
लेकीची खोकी दारातच रचलेली आहेत. गादी, टेबलफॅन, कुंडी. येता-जाता ठेचकाळतो. लेकीने विचारलं, बाबा, नक्की ना? मी हसलो. जरा जास्तच वेळ हसलो. ती आत गेली.

१४ जून
डीलरकडे गेलो. पार्ट आला असता, पण चुकीचा आला. संध्याकाळपर्यंत काहीतरी करा, म्हणालो. हात जोडले की काय ते आठवत नाही. शेजारची बाई कॉफी प्यायची थांबली होती, म्हणजे जोडले असावेत.
टायवाला आत गेला, लगेच बाहेर आला. झालं म्हणाला! माझा शब्द असा उपयोगी पडतो. दिवा बंद! फीडबॅकला दहापैकी दहा द्या, सर, नऊ म्हणजे आमच्याकडे शून्य, असं म्हणाला. दहा दिले. खाली ‘देवमाणूस’ असंही लिहिलं.

१५ जून
लेकीला घेऊन टेस्ट ड्राइव्ह. ती म्हणाली, बाबा, किल्ली फिरवल्यावर क्षणभर सगळे दिवे लागतात. हाच का लागत नाही? मी म्हणालो, दुरुस्त केलाय ना. ती माझ्याकडे बघत राहिली. इंजिनातून जरा खडखड येते. नवीन पार्ट बसायला वेळ लागतो.

१६ जून, रविवार
निघालो. गादी टपावर, कुंडी बायकोच्या मांडीवर. मोठ्या चढावर गाडीला ओढ राहिली नाही. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. खडखड वाढली, मग एक मोठा आवाज, मग काहीच नाही. डॅशबोर्डवर मात्र सगळं ठीक.
बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. काय पाहायचं असतं ते कोणी सांगत नाही.
लेकीला उद्या सकाळी हजर व्हायचंय. टो करणारी गाडी येते म्हणाले, कधी ते म्हणाले नाहीत. टायवाल्याला फोन लावला. रविवारी ट्यूनसुद्धा वाजत नाही. शेवटी बायकोने रस्त्यात उभं राहून एक बस थांबवली. मी पण येतो, म्हणालो. लेक म्हणाली, तुम्ही गाडीपाशी थांबा बाबा, आई आहे. गाडीची काळजी आहे तिला. गुणी पोर.
एक बॅग नेली. गादी माझ्याकडेच आहे. रस्त्याकडेला तिच्यावरच बसलो.

१७ जून, सोमवार
डीलरकडे. आज खरोखर ओरडायचं होतं. टायवाला म्हणाला, सर, नाव?
मी नाव सांगितलं. गाडीचा नंबर सांगितला. ‘देवमाणूस’ मीच लिहिलं होतं, तेही सांगितलं. मग दिव्याचं विचारलं. तो म्हणाला, तुम्हाला त्रास होत होता ना सर, म्हणून बल्ब काढला. इंजिन गेलंय. तिकडे बसा.
बसलो.
लेकीचा फोन आला. हजर झाली. टेबल खिडकीपाशी मिळालंय. आई रात्रीच्या बसने परत निघेल. काल गाडीत लेकीशी काय काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. दिवसभर पुरलं असतं. आता त्यातलं एकही वाक्य सुरू होईना. गाडी बरी आहे, म्हणालो.
गाडीचं राहू द्या, ती म्हणाली, तुम्ही कसे आहात?
मी म्हणालो, ठेवतो, साहेब येतायत.
कोणीही येत नव्हतं.